बँडचे पैसे कोण द्यायचं, हे आधी आजोबांना विचार

पत्र:
ताई, मी डोंबिवलीची, हिस्टरीत एम.ए. झालंय, नेट अजून निघाली नाहीये. मला जॅझवर पीएचडी करायचीय. 'भारतातील जॅझचा इतिहास' असा विषय घेऊन दोन सरांना भेटले. एक म्हणाले हा आपला विषय आहे का, लावणी-पोवाड्यावर काहीतरी कर. दुसरे म्हणाले यावर पुस्तकं येऊन गेलीयेत, तू नवीन काय देणार. बाबांचं म्हणणं की हे श्रीमंतांचं म्युझिक, यावर पीएचडी करून नोकरी कोण देणार. त्यात मला एकही वाद्य वाजवता येत नाही, नोटेशन वाचता येत नाही. बाहेरच्या युनिव्हर्सिटीत अप्लाय करू की इथेच बघू? आवड कशी लागली विचाराल तर आजोबांमुळे, ते साठच्या दशकात चर्चगेटच्या एका हॉटेलात वेटर होते, बँड असायचा तिथे, आता ८६ वर्षांचे आहेत पण अजून जेवणाच्या टेबलावर बोटांनी ताल धरतात.

उत्तर:
अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आजोबांपाशी येऊन थांबले. तू त्यांना आवडीचं कारण म्हणून एका ओळीत उरकून टाकलंयस, आणि मला तुझा अख्खा थीसिस त्या ओळीत दिसतोय. का ते सांगते, पण आधी विषयाचं बोलू.

'भारतातील जॅझचा इतिहास' हे सोड. दुसरे सर बरोबर बोलतायत, त्यांच्यावर रागावू नकोस. नरेश फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझच्या काळावरचं पुस्तक २०१२ ला आलं, त्याआधी २००८ ला ग्रेगरी बूथ यांनी हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांच्या मुलाखती घेऊन मोठं काम केलं, ब्रॅडली शोप यांचं ब्रिटिश काळातल्या अमेरिकन पॉप्युलर म्युझिकवरचं पुस्तक २०१६ चं. तिन्ही पेन्सिल हातात घेऊन वाच. १९३५ ला लिऑन ॲबी हा व्हायोलिनवाला आपला कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन मुंबईत ताजमध्ये आला, मग टेडी वेदरफर्ड नावाचा पियानिस्ट आला जो पुढे कलकत्त्यात वाजवत होता आणि १९४५ ला तिथेच कॉलऱ्याने गेला, आणि यांचं ऐकत, यांच्याबरोबर वाजवत आपल्याकडची माणसं तयार झाली, हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ त्यातलाच, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणून ओळखतात. ही गोष्ट सांगून झालीये आणि छान सांगून झालीये.

पण वाचताना एक बघ. स्टेजवरची माणसं तुला नावानिशी दिसतील, कोणी कुठला ट्रम्पेट वाजवला, कोण कोणाच्या बँडमधून कोणाच्या बँडमध्ये गेला, सगळं. समोर बसलेली, नाचणारी, बिल भरणारी माणसं मात्र त्या मानाने धूसर राहतात. आणि दोघांच्या मधून ट्रे घेऊन फिरणारा माणूस तर जवळजवळ नाहीच. तुझी जागा तिथे आहे.

मी तुला एकच प्रश्न देते, तो घेऊन तू कुठल्याही दशकात शिर: त्या रात्रीचे पैसे कोणी दिले? इतिहास, ऑडियन्स आणि इंडस्ट्री हे तीन वेगळे चॅप्टर करायची गरजच उरत नाही, या एका प्रश्नात तिन्ही येतात. १९५८ ला डेव्ह ब्रूबेक हा अमेरिकन जॅझ पियानिस्ट भारतात येऊन गेला, १९६३ ला बँडलीडर ड्यूक एलिंग्टन आला, पैसे अमेरिकेच्या स्टेट डिपार्टमेंटचे, म्हणजे परराष्ट्र खात्याचे, कारण शीतयुद्ध चालू होतं आणि ज्या काळ्या लोकांना घरी धड मतदान करू देत नव्हते त्यांचंच संगीत बाहेर 'आमचं स्वातंत्र्य' म्हणून दाखवायचं होतं. म्हणजे हॉलमध्ये कोण बसलं असेल, पास कोणाला गेले असतील, हे सगळं त्या पैशावरून शोधता येतं. १९७८ ला निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव झाला, सनी रोलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक इथे येऊन वाजवून गेला, तिथे पैशाची घडी वेगळी, ऑडियन्स वेगळा. आणि आजोबांच्या हॉटेलात अजून वेगळी.

आता आजोबांचा काळ घे. मुंबईत दारूबंदीचा कायदा १९४९ चा, साठच्या दशकात तो हळूहळू ढिला होत गेला, 'परमिट रूम' हा शब्द आपण अजूनही वापरतो तो त्याच काळातून आलेला. मग मला सांग, गिऱ्हाइकाला उघडपणे दारू विकता येत नाही आणि तरी चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या वीर नरिमन रोडवर, गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसेडर अशा ठिकाणी लाइव्ह बँड वाजतोय, हे मालकाला परवडत कसं होतं? कॉफी आणि कटलेटवर? कव्हर चार्जवर? की बँड आहे म्हणून गर्दी होते आणि गर्दी आहे म्हणून हॉटेलचं नाव होतं असं काही? दुपारी कॉलेजची पोरं येऊन एका कोल्ड्रिंकवर दोन तास बसत असतील तर त्यांना कोणी उठवायचं की नाही? हे कुठल्या वादकाला माहीत असणार, तो वाजवण्यात गुंग. हे वेटरला माहीत असतं. कुठल्या टेबलावरून गाण्याची फर्माईश गेली, चिठ्ठीबरोबर नोट किती रुपयांची होती, बँडवाल्यांना जेवण किचनमधून मिळायचं की ते बाहेर जाऊन खायचे, सगळं तुझे आजोबा बघत होते, रोज, वर्षानुवर्षं.

रेकॉर्डवरून इतिहास लिहिता येईल असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ, अमेरिकेतसुद्धा ते फसतं. जॅझची म्हणून मानली जाणारी पहिली रेकॉर्ड १९१७ ची, आणि ती गोऱ्या लोकांच्या बँडची, ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची. ज्या काळ्या वादकांनी न्यू ऑर्लीन्समध्ये हे संगीत घडवलं त्यांच्या आधी यांचं रेकॉर्डिंग बाजारात आलं, कारण रेकॉर्ड कोणाची निघणार हे कंपनी ठरवायची. पुढे १ ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, कंपन्यांकडून वादकांच्या फंडासाठी पैसे हवे होते म्हणून, आणि दोन मोठ्या कंपन्यांशी समझोता व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या त्याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रात्री-रात्री बसून पोरं बीबॉप, म्हणजे जॅझचा एक नवा, वेगवान प्रकार घडवत होती. त्यामुळे नंतर ऐकणाऱ्यांना वाटलं की बीबॉप एकदम आकाशातून पडलं. आपल्याकडे तर हॉटेलात जे वाजलं त्यातलं फारच थोडं तबकडीवर गेलं. जे उरलंय ते पेपरातल्या जाहिरातीत, फोटोत, मेन्यूकार्डावर आणि आजोबांसारख्यांच्या डोक्यात.

आणि 'ऑडियन्स' म्हटल्यावर फक्त टेबलावर बसलेले लोक धरू नकोस हं. चिक चॉकलेट ताजमध्ये वाजवायचा ते ऐकणारे किती असतील, काही शे. पण तोच चिक पुणतांब्याच्या चितळकरांकडे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांकडे काम करत होता, आणि १९५१ चा अलबेला सिनेमा लागला तेव्हा तो ट्रम्पेट, ती लय अख्ख्या देशाने ऐकली. त्यात नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे पोर, आणि त्यांच्या त्या स्टेप्स आपल्याकडे वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत अजूनही दिसतात, करणाऱ्याला माहीतही नसतं की आपण कुठून कुठे आलेलं काय नाचतोय. मग जॅझचा श्रोता कोण? ताजमधली राणीसाहेब की लालबागच्या मिरवणुकीतला पोरगा? माझं मत विचारशील तर दोघंही, आणि जो थीसिस यातल्या एकालाच धरून बसेल तो अर्धा राहील.

अमेरिकेत निदान आकडे तरी आहेत. तिथे नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स १९८२ पासून लोक काय ऐकायला, बघायला जातात याचा सर्व्हे करतं, त्यात जॅझच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांचं मध्यम वय १९८२ ला २९ होतं, २००८ ला ४६ झालं. म्हणजे ऑडियन्स म्हातारा होत गेला, नवे फारसे आले नाहीत. हा एक आकडा तिथे किती वाद घडवून गेला. पुढे कधी दिल्लीत, मुंबईत आजच्या जॅझ ऐकणाऱ्यांवर काम करायचं मनात आलं तर हे सर्व्हे कसे केले, प्रश्न कसे विचारले ते जरूर बघ. पण आधी म्हातारी माणसं, कारण ती थांबणार नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकून सांगत नाहीये. मी स्वतः रिसर्च करत होते तेव्हा माहीमला एका वयस्कर सॅक्सोफोनवादकांकडे गेले होते. तीन तास बसले. मला सगळा इंटरेस्ट मोठ्या नावांत, एलिंग्टन आला तेव्हा तुम्ही होतात का, अमुक कसा वाजवायचा, तमुक तुम्हाला काय म्हणाला. ते मध्येच त्यांच्या बँडच्या कोटांबद्दल बोलायला लागले, की बँडलीडर सगळ्यांना एकसारखे कोट शिवायला लावायचा, शिलाईचे पैसे पगारातून हप्त्याने कापले जायचे, आणि नोकरी सुटली तर कोट परत द्यावा लागायचा. मी त्यांना थांबवलं. टेपवर माझाच आवाज आहे, "अंकल, ते नंतर बोलू ना." चार महिन्यांनी ते गेले. एलिंग्टनबद्दल त्यांनी जे सांगितलं ते दहा ठिकाणी वाचायला मिळतं. त्या कोटाचं, त्या हप्त्याचं, त्या पगाराचं मी परत कुणाकडून ऐकलेलं नाही. ती टेप मी अजून ऐकते आणि दरवेळी त्या वाक्याला पोटात कालवतं.

म्हणून तुला सांगते, सिनॉप्सिस नंतर, आधी आजोबा. आणि त्यांना "जॅझबद्दल सांगा" असं चुकूनही विचारू नकोस. कदाचित ते त्याला जॅझ म्हणतही नसतील, 'बँड' म्हणत असतील, 'इंग्लिश म्युझिक' म्हणत असतील, 'डान्स' म्हणत असतील. जो शब्द ते वापरतील तोच लिही, तुझा शब्द त्यांच्या तोंडात घालू नकोस, त्यांचा तो शब्द हाच तुझा पुरावा आहे. कागद द्यायचा आणि हॉटेलचा नकाशा काढायला सांगायचं, बँड कुठे उभा राहायचा, नाचायची जागा कुठे, किचनचं दार कुठे, वादक कुठल्या दाराने यायचे. नकाशा काढताना माणसाला जे आठवतं ते नुसतं विचारून आठवत नाही. ड्यूटी किती वाजता सुटायची, शेवटची लोकल चुकली तर कुठे झोपायचे, टिप कशी वाटली जायची, बँडला त्यात वाटा होता का. बायका एकट्या यायच्या का. कुणाला आत सोडायचं नाही असं सांगितलेलं होतं का, आणि ते कसं ओळखायचं. एका वेळी तासाभराच्या वर बसायचं नाही, ८६ वर्षांच्या माणसाला दमवायचं नाही. दोन फोनवर रेकॉर्ड कर, त्याच रात्री कॉपी काढ, तारीख टाक. मग त्यांच्याबरोबरच्या कुणाचा पत्ता मिळतो का बघ, कॅशियर, कुक, कोट सांभाळणारा, कुणीही.

गोव्याच्या वादकांच्या घरी जाशील तेव्हा फोटो, स्क्रॅपबुक, नोटेशनचे कागद दाखवतील. ते घरी नेऊन स्कॅन करते असं म्हणू नकोस, त्यांच्याच टेबलावर स्कॅन कर आणि एक कॉपी त्यांना दे. थोडी कोंकणी शिक, रोमन लिपीतली वाचायला लाग, तुला मराठीवरून जड जाणार नाही आणि दार उघडतं ते त्यानेच.

आता ते श्रीमंतांचं म्युझिक. बाबांना एकदा धोबीतलावला घेऊन जा. गोव्यातल्या गावागावाची तिथे कूड असायची, म्हणजे गावाच्या नावाने चालणारी क्लबसारखी जागा, थोडे पैसे भरून ट्रंक ठेवायची आणि चटई टाकून झोपायचं, बोटीवर जाणारे खलाशी, कुक आणि नोकरी शोधणारे वादक सगळे तिथे. आपले कोकणातले गिरणी कामगार गिरणगावात एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे आणि खानावळीत जेवायचे, त्याच्याशी हे ताडून बघ. पार्ट्यांना काळा सूट घालून वाजवणारा माणूस पहाटे तिथे चटईवर झोपायचा. नोटेशन तो शिकला कुठे, तर गावच्या चर्चच्या शाळेत, मेस्तकडे, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडे, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीत. पुढे त्याच शिक्षणावर सिनेमाचा स्टुडिओ चालला, कारण संगीतकार हार्मोनियमवर चाल द्यायचे आणि ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे लोक होते. त्यांना कामाचे पैसे मिळाले, श्रेय बहुतेक वेळा मिळालं नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, अरेंजरचं, म्हणजे या कागदावर उतरवणाऱ्यांचं नाव त्या यादीत कुठे आहे हे तू वकिलाकडे बसून समजून घे, तुझ्या थीसिसचा एक चॅप्टर त्यातून निघू शकतो. आणि पहिल्या सरांना हेच सांग, शांतपणे, की सर हा कामगारांचा इतिहास आहे, मुंबईचा आहे, म्हणजे आपलाच आहे.

कागदपत्रं हवीत तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख आहे, करमणूक कर मुंबईत १९२३ च्या कायद्यापासून वसूल व्हायचा, परवाने पोलिसांकडे असायचे, दारूचे परमिट एक्साइजकडे, या फायलींत हॉटेलं सापडायची शक्यता असते, धीर धरावा लागतो. एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीत जुने पेपर बघ, बातम्यांपेक्षा जाहिराती बघ, शनिवारच्या जाहिराती. आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मराठी मासिकांत 'बॉलडान्स' वर लोकांनी काय काय लिहिलंय ते काढ, इंग्रजीत काम करणारे तिथे फारसे पोचत नाहीत, तू पोचशील. गोव्यात पर्वरीला इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर आहे.

वाद्य येत नाही याचा फार बाऊ करू नकोस. हॉवर्ड बेकर नावाचा समाजशास्त्रज्ञ स्वतः शिकागोत डान्स बँडमध्ये पियानो वाजवायचा, त्याचा त्याला फायदा झाला हे खरं, पण वेटरचा आणि गिऱ्हाइकाचा इतिहास लिहायला पियानो लागत नाही. कान मात्र लागतो. सहा महिने एखाद्या शिक्षकाकडे आठवड्यातून एकदा जा, बारा बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) ब्लूज मोजता आला पाहिजे, बत्तीस बारच्या गाण्यात आपण कुठे आहोत हे कळलं पाहिजे, आणि स्टाफ नोटेशनचा, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेल्या सुरांचा कागद समोर आला तर तो ट्रम्पेटचा पार्ट आहे की पियानोचा एवढं ओळखता आलं पाहिजे.

युनिव्हर्सिटीचं. रजिस्ट्रेशन हिस्टरीतच कर, किंवा सोशिऑलॉजीत. जॅझच्या नावाची डिग्री शोधत बसू नकोस, कारण उद्या असिस्टंट प्रोफेसरची जागा निघेल ती हिस्टरीची निघेल, आणि बाबांच्या प्रश्नाला एवढं एकच खरं उत्तर माझ्याकडे आहे. जागा कमी आहेत, ते मी लपवणार नाही. गाईड संगीतातलाच हवा असं नाही, मुंबई शहरावर किंवा कामगारांवर काम केलेला चालेल, उलट जास्त चांगला. नेट परत दे, जेआरएफ, म्हणजे त्यातली रिसर्च फेलोशिप निघाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात आणि मुलाखतींसाठी फिरायला तेवढा आधार लागतोच, नुसता नेटचा स्कोअरही आता पीएचडीच्या प्रवेशाला चालतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, कोर्सवर्क धरून. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या समितीच्या कामात जातं, म्हणून तर मुलाखती आत्ताच सुरू कर म्हणते.

बाहेर जायचं तर फुल फंडिंग मिळालं तरच. कर्ज काढून एक वर्षाचं मास्टर्स करायला जाऊ नकोस, या विषयात ते फेडणं फार अवघड जातं, मी जवळून बघितलंय. पण तिथल्या अर्काइव्हजशी आत्तापासून ईमेलवर बोलायला काय हरकत आहे. न्यूअर्कला रटगर्स युनिव्हर्सिटीत इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज आहे, १९५२ ला सुरू झालेली, इंग्लंडमध्ये लाउटनला नॅशनल जॅझ अर्काइव्ह. नेमकं विचार, अमुक वर्षी मुंबईत वाजवलेल्या अमुक वादकाची पत्रं, फोटो, कॉन्ट्रॅक्ट आहेत का. तुझ्याकडे पन्नास तासांच्या मराठी मुलाखती असतील आणि त्या जगात दुसऱ्या कुणाकडे नसतील, तेव्हा बाहेर अप्लाय केलंस तर तुझा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जाईल.

या रविवारी जा आजोबांकडे. रेकॉर्डिंगला परवानगीचा कागद घरच्या माणसाकडूनसुद्धा घ्यायचा, लाजायचं नाही, मराठीत लिही आणि मोठ्या अक्षरात प्रिंट काढ म्हणजे त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल. पहिला प्रश्न नकाशाचा. आणि ते टेबलावर ताल धरतील तेव्हा काही बोलू नकोस, फोन बोटांजवळ सरकव आणि रेकॉर्ड होऊ दे.